उतर, मी आहे

माझ्या नवऱ्याला बोलायचा कंटाळा. लग्न ठरलं तेव्हाच सासूबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "पोरगा कामाचा आहे, पण त्याच्या तोंडून गोड शब्दाची वाट बघत बसलीस तर म्हातारी होशील." झाले मी म्हातारी. गोड म्हणावं असं एकच वाक्य हर्मिनियोने मला आयुष्यभर ऐकवलं. तेही रस्त्यात उभं राहून, ट्रामच्या दाराशी, माझ्याकडे न बघता, मागच्या गाड्यांवर डोळे वटारून: "उतर, मी आहे."

टोरोंटोच्या आमच्या भागात ट्राम रस्त्याच्या मधोमध चालते. ती आणि फुटपाथ यांच्यामध्ये मोटारींची एक रांग असते. म्हणजे दार उघडलं की माणूस उतरतो तो थेट मोटारींच्या वाटेत. दार उघडं आहे तोवर मागच्या गाडीने थांबायचं, असा कायदा आहे, आणि तो सगळ्यांना पाठ आहे. पण पाठ असणं वेगळं आणि संध्याकाळी घरी जायच्या घाईत ब्रेकवर पाय ठेवणं वेगळं.

आमची लेक लुसिलिया पोटात होती तेव्हाची गोष्ट. सातवा महिना. तेव्हाच्या ट्रामला उंच पायऱ्या होत्या, आणि मी एका हाताने दांडा धरून, दुसऱ्या हातात खारवलेल्या कॉड माशाचं पुडकं सांभाळत, मागे मागे झुकत उतरत होते. शेवटच्या पायरीवरून पाय खाली टेकवणार, तोच एक पांढरी गाडी दाराला घासून सूं करून निघून गेली. माझ्या कोटाचं टोक तिच्या आरशात अडकून फाटलं. मासा चाकाखाली गेला. मी पायरीवरच बसले.

हर्मिनियो फुटपाथवर सिगरेट ओढत उभा होता. दुसऱ्या एखाद्या नवऱ्याने धावत येऊन बायकोला उचललं असतं. हा धावला गाडीमागे! पुढच्या सिग्नलला तिला गाठून तिच्या बॉनेटवर त्याने दोन्ही मुठी आपटल्या, त्या माणसाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, आणि मग परत येऊन रस्त्यावरचा चपटा झालेला मासा उचलून म्हणाला, "धुतला की चालेल." मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. मासा मात्र आम्ही खाल्ला.

दुसऱ्या दिवसापासून तो थांब्यावर यायला लागला. गवंडीकाम लवकर सुटायचं, मी कपडे दुरुस्त करायच्या दुकानातून साडेपाचच्या सुमारास यायची. ट्राम मंदावली की हा फुटपाथवरून खाली उतरायचा, दार उघडायच्या जागेच्या जरा मागे उभा राहायचा आणि उजवा पंजा उभारायचा. विटा आणि सिमेंटने फुटलेला, रुंद पंजा. कुठलीही गाडी असो, थांबायची. मग ते वाक्य. मी उतरून फुटपाथवर चढले की तो थांबलेल्या ड्रायव्हरला मान डोलावून 'शाबास' दिल्यासारखं करायचा, माझ्या हातातली पिशवी घ्यायचा आणि दोन पावलं पुढे चालायला लागायचा. बर्फ असो, ताप असो, आमचं भांडण असो. भांडणाच्या दिवसांत तो वाक्य गाळायचा, पण पंजा असायचाच. माझ्या मागून उतरणाऱ्यांचंही फावायचं. बाबागाड्या ढकलणाऱ्या पोरी, काठीवाले म्हातारे, आमचे पाद्री, सगळे त्या पंजाआडून निवांत उतरायचे. पुढच्या चौकातला ग्वाल्टेर न्हावी त्याला 'सरकारी सिग्नल' म्हणायचा.

गेल्या वसंतात त्याच्या मेंदूत रक्ताची छोटीशी गुठळी झाली. हातपाय वाचले, बोलणं वाचलं, तसंही त्यातलं फारसं कुणाला लागत नव्हतं. गेलं ते आठवणीतलं काहीबाही. सकाळी तो ठीक असतो. मागच्या अंगणातला द्राक्षांचा मांडव बघतो, पेपर चाळतो, मला चुका दाखवतो. ऊन उतरलं की त्याचं डोकं धुरकट होतं. तेव्हा त्याला आपण कामावरून आलोय असं वाटतं, आम्ही ज्या बेटावरून इथे आलो तिथे आई अजून जिवंत आहे असं वाटतं, आणि ट्राम आली की बायकोला उतरवायला जायचंय एवढं पक्कं वाटतं. ते खरंही होतं. मी अजून कामाला जात होते, त्यामुळे मला काही खुपलं नाही. उलट बरंच वाटायचं, की सगळं विसरेल पण हे नाही.

मग शरद ऋतूत आमचा थांबा बंद झाला.

थांबे फार जवळजवळ आहेत, ट्रामचा वेळ जातो, असं कुणातरी साहेबाच्या लक्षात आलं. आधी थांब्याच्या खांबावर पिवळा कागद लागला, मग एका सकाळी खांबच नाही. आता ट्राम आमच्या गल्लीवरून सरळ पुढे जाते आणि सिग्नलपाशी, ग्वाल्टेरच्या दुकानासमोर थांबते. मी सकाळी सकाळी हर्मिनियोला तिथे नेऊन दाखवलं. "इथे यायचं, कळलं?"

"मला काय खुळा समजतेस?" तो म्हणाला. "आणि खांब काढणारे मूर्ख आहेत. म्हाताऱ्या बायांनी एवढं चालायचं?"

"म्हातारी कोण?"

"मी सर्वसाधारण बोलतोय."

त्या संध्याकाळी मी ट्राममध्ये खिडकीशी बसले होते. आमची गल्ली आली, बेकरीचे दिवे दिसले, आणि त्या दिव्यांपुढे माझा नवरा फुटपाथवरून खाली उतरताना दिसला. रस्त्यात. पंजा वर. ट्राम थांबणार नव्हती, दार उघडणार नव्हतं, आणि मागच्या मोटारींना थांबायचं काही कारणच नव्हतं. मी काचेवर मुठी आपटल्या. त्याच्या पुढ्यातून मी तशीच निघून गेले. त्याने मला बघितलं. त्याच्या तोंडावर राग नव्हता, भीती नव्हती, नुसता गोंधळ होता, बायको समोरून जाते आणि उतरत कशी नाही म्हणून. मागे ब्रेक करकचून वाजले. ग्वाल्टेरपाशी दार उघडलं. उतरून मी धावत मागे आले. तो फुटपाथवर उभा होता, बेकरीवाल्या बाईने त्याची बाही धरली होती, आणि एक माणूस गाडीच्या खिडकीतून त्याला शिव्या घालत होता.

"अगं, तू पुढे कुठे गेलीस?" त्याने मला विचारलं.

मी खूप उपाय केले. रविवारी प्रार्थनेनंतर त्याला मुद्दाम नव्या थांब्यावरून घरी आणायचे. सकाळी त्याच्याकडून वदवून घ्यायचे. सकाळी तो बरोबर सांगायचा. पण संध्याकाळी जायचं असतं ते त्याच्या पायांना, आणि पायांना काय सांगणार? पाय आपले जुन्या जागी.

शेवटी बेकरीवालीने लुसिलियाला फोन केला. माझी मुलगी शहराबाहेर राहते, स्वतःची गाडी चालवत येते आणि आली की आधी फ्रीज उघडून बघते. त्या दिवशी तिने कोटही काढला नाही.

"आई, दाराला कुलूप लाव. वरच्या बाजूला, बाबांचं लक्ष जाणार नाही असं."

"तुझा बाप आहे, कुत्रा नाही."

"मी गाडी चालवते, मला ठाऊक आहे आम्ही काय बघतो ते," ती म्हणाली. "आम्ही खांब बघतो. फुटपाथच्या कडेला सरकणारी माणसं बघतो. ट्राम हळू झाली का बघतो. यातलं काहीच नसेल तर आम्ही नाही थांबत, आई. आम्हाला तिथे माणूस असेल असं वाटतच नाही. तू त्यांना कधीतरी रस्त्यावरून उचलून आणणार आहेस का?"

तिचा आवाज फुटला तेव्हा मला कळलं, ही चिडलेली नाही, घाबरलेली आहे. मी म्हटलं, बघू. लगेच कुलूप नको, पण दोन दिवस शेजारीण त्याच्यापाशी बसेल, त्याला बाहेर सोडणार नाही.

पहिल्याच संध्याकाळी मी घरी आले तर तो कोट घालून, टोपी घालून खिडकीशी उभा. शेजारीण म्हणाली, दुपारपासून असाच आहे, सूपला हात लावलेला नाही. मला बघून तो वळला.

"कशी उतरलीस?"

"उतरले."

"कोण होतं?"

"कोणी नव्हतं. मी आपली आपण उतरले. जमतं मला."

तो पलंगाच्या कडेला बसला. कोट काढू देईना. मी केल भाजीच्या पानांचं सूप गरम करून आणलं, चमचा तोंडाशी नेला, तर त्याने तो हळूच बाजूला केला. "कोणी नव्हतं," तो स्वतःशीच म्हणाला. रात्री झोपेपर्यंत त्याचा उजवा हात मांडीवर उताणा पडून होता, काम सुटलेल्या माणसाचा असतो तसा. माझ्याने ते बघवेना. मोटारीखाली जाऊन माणूस मरतो तसा असं बसूनही मरतो, फक्त त्याला वेळ लागतो. हे मला त्या रात्री स्पष्ट दिसलं. आणि दोन्हींतलं एक मला निवडायचं होतं.

दुसऱ्या दिवशी मी दुकानातून लवकर निघाले. विचार असा, की एक थांबा आधी उतरायचं, चालत पुढे यायचं, आणि तो फुटपाथवरून खाली उतरायच्या आत त्याला गाठायचं. आमच्याकडे संध्याकाळी ट्रामपेक्षा पायी माणूस लवकर पोचतो, हा काही विनोद नाही. मी उतरले, माझी ट्राम तिथल्याच सिग्नलला अडकली, आणि मी तिला मागे टाकून झपाझप चालायला लागले. त्या दिवशी शेजारणीला मी सांगितलं होतं, त्याला जाऊ दे, मी आहे. केवढा तो माझा शहाणपणा!

बेकरीचे दिवे दिसले. तो उभा होता, फुटपाथच्या अगदी कडेला, माझ्याच दिशेने बघत. माझ्याकडे नव्हे, माझ्यामागून येणाऱ्या ट्रामकडे. कारण सिग्नल सुटला होता. घंटा वाजवत ट्राम माझ्या बाजूने पुढे निघाली, आणि तिच्या शेजारून, फुटपाथलगतच्या मोकळ्या रांगेतून, सामान पोचवणारी एक व्हॅन वेगात आली. तिच्या ड्रायव्हरला पुढे रस्ता मोकळा दिसत होता. थांबा नाही, खांब नाही.

हर्मिनियोने एक पाय खाली टाकला.

मी ओरडले असते तरी काही उपयोग नव्हता. त्याला एका कानाने ऐकूच येत नाही, आणि दुसऱ्या कानाने माझं ओरडणं त्याने कधी मनावर घेतलेलं नाही. धावून पोचायला मी अठरा वर्षांची नव्हते. माझा हात कसा वर गेला मला सांगता येणार नाही. पण गेला. फुटपाथच्या कडेला उभी राहून मी उजवा पंजा त्याच्या दिशेने उभारला, बोटं सरळ, कोपर ताठ, डोळे वटारून. जसा तो गाड्यांना दाखवत आला तसा.

त्याने बघितलं. आणि तो थांबला.

नुसता थांबला नाही, पाय उचलून परत फुटपाथवर घेतला, एक पाऊल मागे सरकला आणि दोन्ही हात बाजूला ठेवून उभा राहिला. व्हॅन त्याच्यासमोरून गेली, वाऱ्याने त्याची टोपी हलली. तिच्यापाठोपाठ ट्रामही गेली. तो तसाच शिस्तीत उभा. मी त्याच्यापाशी पोचले.

"कोण उतरतंय?" त्याने मला विचारलं.

मला आधी कळेना. मग कळलं. पंजा वर आहे म्हणजे कोणीतरी उतरतंय, आणि कोणी उतरत असेल तर थांबायचं. जग विसरला होता, पण हे त्याला इतकं पक्कं ठाऊक होतं, की स्वतःवर उगारलेला पंजाही त्याने मानला.

"मी," मी म्हटलं. "मीच उतरत होते."

"मग ठीक," तो म्हणाला, आणि माझ्या हातातली पिशवी घेतली. मी त्याच्या कोटात तोंड खुपसून भर रस्त्यावर हमसाहमशी रडले. "काय झालं, मासा पडला का?" असं तो दोनदा म्हणाला.

त्याच आठवड्यात मी दुकानाची चावी परत केली. खूप शिवलं लोकांचं, आता पुरे. आणि ग्वाल्टेरशी जाऊन बोलले. ग्वाल्टेरला आयुष्यात कधी सरळ उत्तर देता आलेलं नाही.

"देओलिंडाबाई, म्हणजे मी रोज तुमच्या नवऱ्याला फुकट खुर्ची द्यायची?"

"खिडकीतली. आणि ट्रामचं दार उघडेपर्यंत त्याला आवरायचं. ओढायचं नाही. पंजा दाखवायचा, तो थांबतो."

"आणि तुम्ही?"

"मी ट्रामने येईन."

"तुम्ही तर राहता इथे पलीकडे!"

"म्हणून काय झालं? लोक कुठून कुठून ट्रामने येतात."

त्याने हातातला कंगवा खाली ठेवला. मग नाक पुसून म्हणाला, "तिकीट काढून नवऱ्याला भेटायला येणारी बाई मी पहिल्यांदाच बघतोय. माझी तर फुकटातही येत नाही."

तेव्हापासून असं चाललंय. दुपार कलली, हर्मिनियोचं डोकं धुरकट व्हायला लागलं, की मी त्याला ग्वाल्टेरच्या दुकानात आणून खिडकीत बसवते. मग मागच्या बाजूने निघून, आमच्या मोडलेल्या थांब्यावरून, बेकरीवरून चालत आधीच्या थांब्यावर जाते. तिथे ट्राम पकडते, एकच थांबा येते आणि उतरते. इथे खांब आहे, सिग्नल आहे, गाड्या आपसूक हळू होतात. ट्राम दिसली की तो उठतो. ग्वाल्टेर पांढऱ्या एप्रनमध्ये त्याच्यापुढे पंजा धरून उभा असतो. दार उघडलं की पंजा खाली येतो आणि माझ्या नवऱ्याचा वर जातो.

एकदा त्याने मला पकडलं. पिशवी घेता घेता म्हणाला, "तू मघाशी इथेच होतीस ना?"

"होते."

"मग ट्राममधून कशी आलीस?"

"तू उतरवावंस म्हणून."

त्याने जरा विचार केला. "बरं," म्हणाला, आणि दोन पावलं पुढे चालायला लागला. इतकं चांगलं उत्तर त्याने मला लग्नाच्या वेळीही दिलं नव्हतं.

हे सगळं मी लुसिलियाला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "आई, तुम्ही तिघंही म्हातारे आणि तिघंही वेडे. मी गुरुवारी कुलूप घेऊन येते. बसवूनच जाणार." मी म्हटलं, ये. साडेपाचला ये, आपल्याच रस्त्याने ये. मी काही साधी बाई नाही, हे तिला एव्हाना कळायला हवं होतं.

गुरुवारी अंधार लवकर पडला, बारीक बर्फ भुरभुरत होतं. मी ट्राममध्ये दाराशी उभी होते. ग्वाल्टेरचं दुकान आलं, ट्राम मंदावली, दार उघडलं. खाली माझा नवरा, टोपीवर बर्फ, गाड्यांकडे तोंड करून पंजा उभारलेला.

"उतर, मी आहे."

मी उतरले. त्याच्या हातापलीकडे एका गाडीचे दोन दिवे उभे होते, व्यवस्थित अंतर ठेवून. दिव्यांच्या मागे काचेत लुसिलिया. तिने दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलं होतं आणि तिचं तोंड रडून वेडंवाकडं झालं होतं. शेजारच्या सीटवर दुकानाची पिशवी होती, कुलुपाचीच असणार. ज्या पोरीसाठी हा हात पहिल्यांदा वर गेला होता, तिलाच तो आज अडवून धरत होता. ट्रामचं दार मिटलं, ट्राम निघाली, तरी तिला गाडी पुढे घ्यायचं सुचेना. मागचे हॉर्न वाजवायला लागले.

हर्मिनियोने तिला ओळखलं नाही. संध्याकाळ होती. त्याने रोजच्यासारखी तिच्याकडे बघून मान डोलावली, मग फुटपाथवर चढून माझी पिशवी घेतली.

"चांगली पोरगी आहे," तो मला म्हणाला. "बघ, थांबली."